काट्याची भाषा : इंजिनाचे कॉम्प्रेशन कसे वाचावे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे सारे आयुष्य गाडीखाली आडवे पडून गेले. धुळ्याच्या आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केला, आग्रा रोडच्या कडेच्या गॅरेजमध्ये हात काळे केले, पुढे नऊ वर्षे शारजाला नोकरी केली आणि आता पुन्हा आपल्याच गावात आहे. संस्थेच्या चिटणीस साहेबांनी सांगितले की, "तुम्ही तुमच्या धंद्यातले काहीतरी सांगा, उपदेश नको." मला तर उपदेश येतच नाही. म्हणून मी ही पेटी बरोबर आणली आहे. हिच्यात एक घड्याळासारखा काटा आहे. त्याला कॉम्प्रेशन गेज म्हणतात. आज एवढ्या एका काट्याविषयीच बोलणार आहे.

आपले धुळे हे रस्त्यांचे गाव. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रक, टेम्पो, जीप, ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीवर आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल पेटते. समोर बसलेल्या पालकांपैकी निम्म्यांच्या घरात कोणी ना कोणी मिस्त्री, फिटर, वेल्डर, नाहीतर ड्रायव्हर असेल. तेव्हा हा विषय परका नाही.

इंजिन म्हणजे काय, हे आठवी-नववीच्या विज्ञानात आलेच आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली जातो, हवा आणि पेट्रोल आत ओढतो, वर येऊन ते दाबतो, ठिणगी पडते आणि स्फोट होतो. या दाबण्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. दाब चांगला बसला तर स्फोट जोरात होतो आणि गाडी चढ चढते. दाब कुठूनतरी गळला तर पेट्रोल जळते, पण ताकद मिळत नाही. गळण्याच्या वाटा तीनच : पिस्टनच्या रिंगा, वॉल्व्ह आणि हेड गॅस्केट. प्लग काढून त्याच्या जागी हे गेज लावायचे, सेल्फ मारायचा आणि काटा कुठे जातो ते पाहायचे. पाच मिनिटांचे काम आहे. काटा पाहणे सोपे आहे, वाचणे अवघड आहे. हे मला फार महाग पडून कळले. मला, आणि माझ्याहून जास्त दुसऱ्या एकाला.

१९८७-८८ चा सुमार असेल. मी नुकताच कोर्स करून एका गॅरेजमध्ये लागलो होतो. सर्टिफिकेटची घडी खिशात घेऊन फिरत होतो म्हणा ना. एक चाचा त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. लग्नसराईत, आजारपणात गाडी भाड्याने देत, स्वतःच चालवत. तक्रार अशी की, गाडी पिकअप घेत नाही, लळिंगच्या चढावर दम टाकते. मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी ऐटीत गेज काढले. चारही सिलिंडर तपासले. रीडिंग आले ८४, ८२, ८५ आणि ८०. त्या इंजिनाला ११५ ते १२० पौंड यायला हवे असे आमचे उस्ताद सांगत. मी लगेच निकाल दिला : "चाचा, रिंगा गेल्या. इंजिन उतरवावे लागेल."

इंजिन उतरले. बोअर झाला, नवे पिस्टन पडले, रिंगा पडल्या. चाचांनी मेव्हण्याकडून पैसे उसने आणले. गाडी बाहेर पडली, आणि आठव्या दिवशी चाचा परत आले. गाडी लळिंगच्या चढावर तशीच दम टाकत होती. मग उस्तादांनी स्वतः बॉनेट उघडले. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट झिजलेले होते आणि टायमिंग मागे गेले होते. अर्ध्या तासाचे काम, दहा-वीस रुपयांचा खर्च.

मग माझ्या रीडिंगचे काय? आकडे खोटे नव्हते. मी तपासले तेव्हा चाचांची बॅटरी उतरलेली होती. सेल्फ रडत रडत फिरत होता. शिवाय कार्बोरेटरचा थ्रॉटल मी बंदच ठेवला होता. म्हणजे नळी चिमटून धरायची आणि फुप्फुसात हवा का जात नाही म्हणून विचारायचे, तसला प्रकार. इंजिनाला हवाच मिळाली नाही तर ते दाबणार काय? चारही आकडे जवळजवळ सारखेच कमी होते, हीच मोठी खूण होती. रिंगा झिजतात त्या चार भावांसारख्या एकाच दिवशी म्हाताऱ्या होत नाहीत. एखादी आधी, एखादी नंतर. चारही सारखेच कमी आले तर आधी इंजिनावर नव्हे, तपासणीवर शंका घ्यावी. उस्तादांनी मला त्या दिवशी मारले नाही. फक्त एवढेच म्हणाले, "काटे ने सच बोला, तूने सुना नहीं."

आता पद्धत सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घेतली तरी चालेल. इंजिन आधी गरम झालेले असावे, कारण थंड इंजिनात फटी मोठ्या असतात. चारही प्लग काढावेत, एकच काढून तपासू नये, नाहीतर बाकीच्या तीन सिलिंडरचे ओझे सेल्फवर पडते. कॉइलची वायर काढून ठेवावी, पेट्रोल बंद करावे. थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. बॅटरी भरलेली असावी. आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यावेत, सहा तर सगळ्यांना सहा. पहिल्या उडीला काटा कुठे गेला आणि शेवटी कुठे थांबला, दोन्ही आकडे लिहावेत. निरोगी सिलिंडर पहिल्याच उडीला निम्म्याहून वर जातो. रिंगा झिजलेला सिलिंडर पायरी पायरीने चढतो. वॉल्व्ह गळत असेल तर पहिली उडीही लहान आणि पुढेही फारसे चढत नाही.

समजा आकडे असे आले : ११८, १२०, ७४, ११७. सर्वांत मोठा आकडा १२०. त्याच्या पाऊण म्हणजे ९०. सर्वांत लहान आकडा पाऊणाच्या खाली गेला तर त्या सिलिंडरमध्ये दोष आहे, असा सर्वसाधारण हिशेब. इथे तिसरा सिलिंडर दोषी. पण रिंगा की वॉल्व्ह? त्यासाठी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा तपासायचे. तेल पिस्टनच्या कडेने पसरते आणि रिंगांची फट तात्पुरती बुजवते. आकडा ७४ वरून १०५ ला गेला तर रिंगा किंवा बोअर. ७६ वरच राहिला तर वॉल्व्ह, कारण वॉल्व्हपर्यंत तेल पोहोचत नाही. डिझेल इंजिनात मात्र हा तेलाचा प्रयोग करू नका. तिथे पिस्टनच्या डोक्यावर जागाच इतकी थोडी असते की, चमचाभर तेलानेही अनर्थ होऊ शकतो. आणि डिझेलचे गेजही निराळे असते. तिथे दाब तीनशे-चारशे पौंडांच्या घरात जातो. पेट्रोलचे गेज लावले तर काच फुटेल.

दुसरे उदाहरण : १२०, ६२, ६०, ११८. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले. दोघांचेही वॉल्व्ह एकाच दिवशी जाणे कठीण. त्यांच्या मधली भिंत फुटली आहे, म्हणजे हेड गॅस्केट दोघांच्या मध्ये जळले आहे. हे काम हेड उतरवून होते, बोअर करावा लागत नाही. आता पालकांनी हिशेब करावा की, हे न कळणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला किती खर्चात घालतो.

आकडा फार मोठा आला तरी खूश होऊ नये. पिस्टनच्या डोक्यावर काजळी साचली की जागा कमी होते आणि दाब वाढतो. आणि तोच आकडा उंचावर कमी येतो, कारण तिथे हवाच विरळ असते. धुळ्यात १२० दाखवणारी गाडी तोरणमाळला, म्हणजे साडेअकराशे मीटरवर नेली तर दाब साधारण दहाव्या भागाने उतरेल. इंजिन तेच, मिस्त्री तोच. तिथे जर कोणी इंजिन उतरवायला निघाला तर काय म्हणावे?

आता शारजाची गोष्ट. २००४ साली मी तिथल्या एका गॅरेजमध्ये लागलो. पहिल्याच महिन्यात मझदा कंपनीची आरएक्स-८ ही गाडी समोर आली. बॉनेट उघडले आणि मी चक्रावलो. हेड नाही, वॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाही. पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव खुंटीला टांगावा लागला. ते रोटरी इंजिन होते.

फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाची ही कल्पना. एन.एस.यू. कंपनीत त्याचे पहिले इंजिन १९५७ साली चालले. १९६७ मध्ये त्याच कंपनीची आरओ ८० ही मोटार निघाली. गाडी देखणी, पण सुरुवातीच्या गाड्यांची इंजिने इतकी लवकर बिघडली की, हमीपोटी इंजिने बदलता बदलता कंपनीचे कंबरडे मोडले आणि १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली. जपानमध्ये हिरोशिमाच्या मझदाने मात्र हट्ट सोडला नाही. त्यांच्याही इंजिनात आतल्या भिंतीवर ओरखडे उठत. तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोटो यांच्या तुकडीने कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून नव्या पट्ट्या केल्या, आणि १९६७ सालीच त्यांची कॉस्मो ही गाडी बाजारात आली. पुढे १९९१ साली फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत मझदाने रोटरी इंजिनावर जिंकली.

आणि हे केवळ परदेशातले नवल आहे असे समजू नका. आपल्या शेजारच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, तिला व्ही.आर.डी.ई. म्हणतात. बंगलोरची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि ही संस्था यांनी मिळून निशांत या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन देशातच तयार केले. मार्च २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ निशांत त्या इंजिनावर उडाले. ही बातमी मी शारजात ऐकली तेव्हा गॅरेजमधल्या पाकिस्तानी, केरळी, मिसरी सगळ्या मिस्त्र्यांना ओरडून सांगितली.

असो. इंजिनाच्या पोटात काय आहे? एक त्रिकोण. त्याच्या बाजू थोड्या फुगीर. याला रोटर म्हणतात. तो ज्या घरात फिरतो त्याचा आकार कमरेत किंचित दबलेल्या लांबट भोपळ्यासारखा. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला घासत फिरतात, आणि प्रत्येक कोपऱ्यात एक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. शिवाय प्रत्येक बाजूच्या कडेने साइड सील असतात. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन स्वतंत्र खोल्या. एक खोली हवा ओढते तेव्हा दुसरी दाबत असते, तिसरीत स्फोट होऊन धूर बाहेर जात असतो. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक खोली प्लगसमोर येऊन दाब देते. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर.

आता आपले हे गेज तिथे लावले तर काय होईल? या गेजच्या तोंडाशी एक छोटा वॉल्व्ह आहे. तो आलेला दाब परत जाऊ देत नाही, म्हणून काटा सर्वांत मोठ्या आकड्यावर अडकून राहतो. पिस्टनच्या सिलिंडरला ते ठीक आहे, कारण तिथे खोली एकच. रोटरमध्ये तिन्ही खोल्या एकामागून एक त्याच भोकासमोरून जातात, आणि गेज फक्त सर्वांत चांगल्या खोलीचा आकडा दाखवते. मुलाने घरी येऊन अब्बांना फक्त सर्वांत जास्त मार्कांचा विषय दाखवावा आणि बाकीचे विषय मुठीत झाकावेत, तसे हे.

एकदा एक मलयाळी कारकून एक जुनी आरएक्स-८ विकत घ्यायला निघाला होता. तीन वर्षांची बचत त्यात घालणार होता. विकणाऱ्याने दुसऱ्या गॅरेजचा कागद दाखवला : पुढचा रोटर १०६ पौंड, मागचा १०५. कंपनीची किमान मर्यादा ९८ पौंडांच्या आसपास, म्हणजे इंजिन पास! आमच्याकडे रोटरीसाठीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र होते, ते तिन्ही खोल्यांचे आकडे वेगवेगळे छापते. पुढचा रोटर ठीक निघाला. मागच्याचे आकडे असे : ७.४, ४.१, ४.३ किलो. ७.४ किलो म्हणजेच ते १०५ पौंड. कागद खोटा नव्हता, त्यात तीनपैकी एकच गोष्ट होती.

विद्यार्थी मित्रांनो, इथे थोडी भूमिती करा. तीनपैकी दोन खोल्या पडल्या आहेत, एक शाबूत आहे. दोष कुठे? त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजू एका कोपऱ्यात मिळतात. त्या कोपऱ्यातली पट्टी दोन्ही खोल्यांची सामाईक भिंत आहे. ती तुटली की दोन्ही खोल्या एकदम गळतात. म्हणजे एक एपेक्स सील गेलेली. एकच खोली पडली असती तर संशय त्या बाजूच्या साइड सीलवर घ्यावा लागला असता, कारण ती सील त्या एकाच खोलीची. तिन्ही सारख्याच पडल्या असत्या तर सगळ्या पट्ट्या आणि घर झिजले, नाहीतर काजळीने पट्ट्या खाचेत अडकल्या, नाहीतर पेट्रोल जास्त होऊन भिंतीवरचे तेल धुतले गेले. शेवटचे असेल तर इंजिनाला काही झालेलेच नसते. तेल परत बसले की दाब परत येतो.

त्या कारकुनाने गाडी घेतली नाही. विकणारा आमच्या मालकांशी आठवडाभर भांडत होता.

यंत्र नसेल तरी काम अडत नाही. आपल्या साध्या गेजचा तोंडाचा वॉल्व्ह काढून टाकायचा, म्हणजे काटा अडकून न राहता नाचू लागतो. मग आकडा नव्हे, नाच पाहायचा. निरोगी रोटर सारख्या उड्या मारतो, सेकंदाला चार. दोषी रोटर लंगडतो : एक मोठी, दोन छोट्या, पुन्हा एक मोठी. मी कानानेही ओळखायला शिकलो. प्लगच्या भोकातून येणारा फुस्, फुस्, फुस् आवाज सारखा आहे की मध्येच पोकळ आहे, ते ऐकायचे. आकडा मात्र यातून मिळत नाही, त्यासाठी यंत्रच पाहिजे.

आकड्याच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. मझदाच्या पुस्तकात आरएक्स-८ साठी नुसता दाब दिलेला नाही. शाफ्ट मिनिटाला २५० फेरे फिरत असताना नवा रोटर ८.५ किलो, किमान ६.९ किलो असे लिहिले आहे. एकाच रोटरच्या खोल्यांत फरक दीड किलोपेक्षा जास्त नको, आणि दोन रोटरमध्ये एक किलोपेक्षा जास्त नको. सेल्फ जोरात फिरला तर गळायला वेळ कमी मिळतो आणि आकडा वाढतो, मंद फिरला तर कमी होतो. म्हणून ३०० फेऱ्यांवर आलेला ७.० हा आकडा पास नाही. २५० वर आणला तर तो ६.९ च्या खाली जातो. आणि २०० फेऱ्यांवर आलेला ६.६ कदाचित पास असेल. सुरुवातीच्या आरएक्स-८ चे सेल्फ मंदच फिरत, कंपनीने पुढे जास्त वेगाचे सेल्फ दिले. अमेरिकेत मझदाने त्या गाड्यांच्या इंजिनाच्या मूळ भागाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढविली होती. तिथे ६.८ की ७.० यावर नवे इंजिन फुकट मिळणार की नाही हे ठरत असे. एका दशांशासाठी माणसे भांडत, आणि त्यांचे बरोबरच होते.

हे वाचले तेव्हा मला चाचांची पद्मिनी आठवली. उतरलेली बॅटरी, रडणारा सेल्फ. ज्या पुस्तकात आकड्याशेजारी फेरे लिहिलेले असतात, ते पुस्तक माझ्या हातात १९८७ साली असते तर!

पालकांना आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायची की नाही याचा मी बराच विचार केला. त्या इंजिनाच्या खर्चानंतरच्या जूनमध्ये चाचांच्या मोठ्या मुलाचे नाव अकरावीत घातले गेले नाही. तो दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला होता. तो मालेगावला मागावर गेला. मला हे पुष्कळ वर्षांनी कळले, सुट्टीवर आलो होतो तेव्हा. मी चाचांकडे गेलो आणि सगळे खरे सांगितले : रिंगा चांगल्या होत्या, चूक माझी होती. चाचांनी चहा मागवला. थोड्या वेळाने म्हणाले, "बेटा, उसी वक्त बोल देता तो मैं लड़के को बता देता, कि गलती गाड़ी की नहीं थी." त्यांनी इतकी वर्षे मुलाला सांगितले होते की, गाडीच खराब निघाली, नशीब. मला पैसे द्यायचे होते. त्यांनी घेतले नाहीत.

आपल्याकडे मुलगा आठवीत नापास झाला की, "गॅरेजवर टाका, तिथे शिक्षण लागत नाही," असे म्हणण्याची रीत आहे. माझ्या गॅरेजवरही लोक अशी मुले घेऊन येतात. मी त्यांना आधी पाऊण भाग काढायला लावतो. १२० चा पाऊण किती? ज्याला येत नाही त्याला मी परत पाठवतो, हाकलून देत नाही, संध्याकाळच्या वर्गाला पाठवतो आणि दहावी झाल्यावर ये म्हणतो. काही पालक रागावतात. माझ्याकडे सध्या दोन मुले आहेत, दोघेही आय.टी.आय. झालेले. एकजण डिप्लोमाला जायचे म्हणतो. माझा धंदा बसेल, पण जा म्हणालो आहे. मुलींनी यांत्रिकी शाखेला जाऊ नये असे कोणी म्हणत असेल तर माझे मत निराळे आहे. गेज वाचायला हातात जोर लागत नाही.

अध्यक्ष महोदयांनी घंटा वाजविण्याआधी थांबतो. या पेटीत गेज आहे, त्याचा काढून ठेवलेला वॉल्व्ह आहे, आणि शारजाहून आणलेली एक तुटलेली एपेक्स सीलही आहे, बोटाच्या पेराएवढा तुकडा. बाहेर अंगणात माझी जुनी मारुती उभी आहे, प्लग सैल करून ठेवले आहेत आणि बॅटरी कालच चार्ज केली आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पाच-पाच जणांच्या तुकडीने यावे. एकाने थ्रॉटल धरावा, एकाने फेरे मोजावेत, एकाने आकडे लिहावेत. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा थोडा कमी येतो. का ते मी आधी सांगणार नाही. चमचा आणि तेलाची बाटली बॉनेटवर ठेवली आहे.